रोजच एक जानेवारी

बोलणं हे माझं काम नव्हे. माझं काम बघणं. समोर जे येईल ते मुकाट्यानं बघायचं आणि पोटात ठेवायचं. तरी आज तोंड उघडतोय, कारण माझ्या पोटात एक गोष्ट आहे आणि ती किती दिवस टिकेल याचा मला भरवसा उरलेला नाही.

मी एक साधा कॅमेरा. पंजात मावणारा, राखाडी, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. ज्यांना मोठा कॅमेरा झेपत नसे ती माणसं मला घ्यायची. आज मी सोलापुरात, बाळीवेसेतल्या एका बोळात, सोमलिंगअप्पांच्या घरी भिंतीतल्या देवळीत असतो. शेजारी विभूतीची डबी आणि एक सुईदोरा. देवळीतून मला समोरची भिंत दिसते. त्या भिंतीवर एक फोटो आहे. त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. कुठल्या तरी दूरच्या कारखान्यातले पांढरे हातमोजे आठवतात आणि नंतर खोक्यातला अंधार. खरा उजेड दिसला तो नवी पेठेतल्या एका दुकानात, काचेच्या कपाटात. माझ्या शेजारी एक तांबडा कॅमेरा होता. माझ्यापेक्षा बारीक, चकचकीत, आणि त्याला स्वतःची चपटी बॅटरी होती. सेल लागत नसत.

"तुझ्या पोटात सेल घालतात म्हणे," तो एकदा मला म्हणाला. "टॉर्चसारखे."

खरंच होतं ते.

एका सकाळी दोन गिऱ्हाइकं आली. एक पन्नाशीचे, धोतर, पांढरी टोपी, कपाळाला विभूती, हाताच्या रेघांत शेंगदाण्याचं तेल मुरलेलं. ते सोमलिंगअप्पा. त्यांच्याबरोबर एक तरणा, इस्त्रीच्या शर्टातला. तो त्यांचा होणारा जावई, वैरागचा गुरु. अप्पांच्या लेकीचं, दानेश्वरीचं लग्न ठरलं होतं आणि दोघांनाही एकेक कॅमेरा घ्यायचा होता.

दुकानदारानं आम्हा दोघांना काचेवर जोडीनं मांडलं. आधी तांबड्यानं अप्पांचा फोटो काढला, मग माझ्यानं. दोन्ही पडदे त्यांच्यापुढं धरले. अप्पांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं बघितलं.

"दोन्हीत मीच हाय की," ते म्हणाले. "मग फरक कशाचा?"

दुकानदार हसला. "काका, तांबड्याचा रंग बघा. झूम बघा. जाडी बघा. आणि ह्याला सेल लागत नाहीत, बॅटरी चार्ज करायची."

"आणि लाईट गेली तर?"

त्या वर्षी सोलापुरात दिवसातून दोनदा लाईट जायची. दुकानदारानं मान खाजवली.

"मामा, सेलचा कॅमेरा म्हणजे पोरांचं खेळणं हो," गुरु म्हणाला. "तांबडाच घ्या. मीबी तोच घेतोय."

अप्पांनी मला उचललं. दोन्ही हातांत धरलं, तव्यावरची भाकरी उचलावी तसं, बोटांच्या टोकांनी. "ह्येच्यातलं सेल कोपऱ्यावरच्या टपरीवर बी मिळत्यात," ते म्हणाले. "तुझा तांबडा उपाशी मेला तर त्याला कुटं खायला घालणार? मला ह्योच बरा."

असा मी त्या घरी आलो, आणि तांबडा वैरागला गेला.

अप्पांच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. चटणी उखळात कांडायचे ते स्वतः. भाकरी करायची काशम्मा, त्यांची बायको. पापडासारखी पातळ भाकरी थापायची, भाजायची आणि निखाऱ्याशेजारी उभी करून कडक करायची. बाई ठेंगणी, अंगानं भरलेली, तोंडानं फटकळ. कानडी घरातली. नवऱ्याला ती नावानं हाक मारत नसे. नुसतं "री" म्हणायची, म्हणजे कानडीतलं 'अहो'. दिवसातून किती वेळा म्हणायची याला सुमार नव्हता. 'री, पीठ संपलं.' 'री, गिऱ्हाईक आलंय.' 'री, उनात कशाला बसलाय.'

पहिल्या दिवशी तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "ह्ये काय आणलंय, री? साबणाची डबी?"

"कॅमेरा हाय. तुझा फोटू काढायला."

"माझा कशापायी? मी काय नवरी हाय? नवरीचा काढा."

नवरीचे काढून झाले. लग्न पार पडलं, दानेश्वरी वैरागला नांदायला गेली, आणि घरात ही दोघंच उरली. तेव्हापासून अप्पा काशम्माच्या मागं लागले. चुलीपुढं बसली की मला घेऊन समोर उभे. "हस की जरा. वाकडं तोंड करू नको." ती पीठ लागलेला हात तोंडापुढं धरायची. कधी पदर घ्यायची, कधी उलथनं उगारायची. तरी त्यातून काही फोटो मिळायचे. एकात ती बोळातल्या बसव्वाशी भांडताना. एकात तोंडात भाकरीचा तुकडा. एकात मनापासून हसताना, डोळे बारीक झालेले. तो फार चांगला आला होता. मी तो आजही आठवतो, पण आठवणं म्हणजे असणं नव्हे.

माणसांची एक सवय मी बघितली. फोटो काढला की प्रत्येक जण पडद्याकडं धावतो आणि स्वतःलाच शोधतो. मी कसा आलोय, माझे डोळे मिटलेत का. काशम्मा कधी बघायला आली नाही. "तुमी बघा आन् तुमीच खूश व्हा," म्हणायची आणि पुढची भाकरी थापायला घ्यायची.

अप्पांच्या दोन सवयी मात्र सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच आहे.

पहिली अशी, की माझं काम झालं की ते माझे सेल काढून घ्यायचे. तेच सेल टॉर्चमध्ये, तेच रेडिओत. "रिकामं कशाला बसवायचं त्यास्नी," म्हणायचे. आता माझ्यासारख्या कॅमेऱ्याचं असं असतं, की सेल काढून बराच वेळ गेला की मी तारीख विसरतो. परत सेल घातले की मला वाटतं, मी आजच जन्मलो. मी विचारतो, आज तारीख काय? ते विचारणं इंग्रजीत. अप्पांना ते कळायचं नाही. ते बटण दाबून पुढं जायचे. मग मी आपला फोटोच्या कोपऱ्यात केशरी आकड्यांत लिहायचो, एक जानेवारी, दोन हजार आठ. नागपंचमी असो, दसरा असो, माझ्यालेखी एक जानेवारीच. काशम्माची सगळी भांडणं, सगळं हसू एकाच दिवसातलं.

दुसरी सवय रिळाच्या काळातली. फोटो धुवायला टाकायचे ते रीळ भरल्यावर, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्यातली ती नखाएवढी चिप म्हणजे त्यांच्या हिशेबी रीळच. "भरू दे पुरती. मग एकदम धुऊन आणू." पण चिप काही भरेना. त्यामुळं माझ्यातला काशम्माचा एकही फोटो कागदावर आला नाही.

दानेश्वरीला मुलगी झाली. बारशाला आम्ही वैरागला गेलो. तिथं टेबलावर तांबडा मला परत भेटला. अजून तसाच चकचकीत. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि नेमकी त्याची चिप भरली.

"मामा, तुमची चिप द्या जरा," गुरु म्हणाला.

अप्पांनी लगेच काढून दिली. गुरुनं ती तांबड्यात सरकवली. तांबड्याच्या पडद्यावर काहीतरी उमटलं. मला समजलं. तो विचारत होता, ही चिप माझ्या ओळखीची नाही, साफ करून घेऊ का? पाळण्यापाशी बायका हाका मारत होत्या, "जावईबापू, या की, नाव ठेवायची वेळ झाली." गुरुनं घाईनं हो म्हटलं. एक बटण. तेवढंच.

समजलं ते जेवणं झाल्यावर. कुणीतरी म्हणालं, लग्नाचे फोटो दाखवा की. गुरु चिप मागं मागं फिरवत गेला आणि त्याचा चेहरा उतरला.

"मामा... चिप पुसली गेली. माझ्याच हातनं. सगळं गेलं."

अप्पा जावयाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "असू दे. माणसं हायत की जाग्यावर. परत काढू."

काशम्मा तिकडून म्हणाली, "बरं झालं. माझं वाकडं तोंड गेलं एकदाचं!"

सगळे हसले. अप्पासुद्धा. तांबड्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

ती चिप बारशाच्या फोटोंसकट तांबड्यातच राहिली. गुरु नवी आणून देणार होता. आज आणतो, उद्या आणतो करता करता पावसाळा गेला. मी बिनचिपेचा खुंटीला लटकत राहिलो. अप्पा सगळ्यांना सांगायचे, "चिप न्हाय त्यात. आता काय निघत न्हाय."

खरं म्हणजे निघत होतं. माझ्या पोटात, चिप नसली तरी, थोडी जागा असते. आईनं शाळेला जाणाऱ्या पोराच्या खिशात मूठभर फुटाणे टाकावेत, तशी कारखान्यानंच दिलेली. पण हे अप्पांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

एक दुपार होती. दिवाळी होऊन गेलेली. नव्या शेंगा आल्या होत्या आणि अप्पा उंबऱ्यात बसून त्या फोडत होते. अंगात नुसती बंडी, मांडीत सूप. फोडता फोडता त्यांचा डोळा लागला. मान दाराच्या चौकटीला टेकली, तोंड थोडं उघडं, हातात अर्धी फुटलेली शेंग तशीच. टोपी सरकून कानावर आलेली.

काशम्मा चुलीपासून उठली. कशी कोण जाणे, मला खुंटीवरून काढलं. रेडिओतले सेल काढून माझ्यात घातले. उलटे घातले, मग सुलटे. मी जागा झालो. तिच्या हाताला ज्वारीच्या पिठाचा वास होता आणि हात गरम होता. तिनं मला पहिल्यांदाच धरलं होतं.

ती अप्पांसमोर उकिडवी बसली. मला डोळ्यांपुढं धरलं आणि हळूच म्हणाली, "री, हसा की जरा. वाकडं तोंड करू नका."

अप्पा घोरत होते.

ती हसायला लागली. आवाज न करता. ते हसू माझ्या अंगात उतरलं, मी हातातल्या हातात हललो. चिप नाही म्हणजे काही निघणार नाही, अशीच तिची समजूत होती. म्हणून तर तिचं धाडस झालं. नवऱ्याची थट्टा करायची, त्याच्यासारखं त्याला छळायचं, एवढाच खेळ. तिनं बटण दाबलं. मग मला पदरानं पुसलं, सेल रेडिओत परत घातले आणि मला खुंटीला अडकवलं. कुणाला काही सांगितलं नाही.

माझी एक खोड तुम्हाला माहीत असेल. माझा डोळा पुढं असतो. ज्यानं मला धरलंय, तो मला कधीच दिसत नाही. त्या दुपारी ती कशी हसत होती, तिचे डोळे बारीक झाले होते का, मी सांगू शकत नाही. मी फक्त तिचा हात जाणतो.

पुढं संक्रांत आली. सोलापुरात संक्रांत म्हणजे गड्ड्याची जत्रा. मैदानात पाळणे उभे राहायला लागले होते. "औंदा पाळण्यापुढं उभी राहा, तिथं काढतो तुझा," अप्पा म्हणाले होते. "गुरु चिप घेऊन येतोय." एका सकाळी काशम्मा भाकरी थापता थापता थांबली. "री," म्हणाली. एकदाच. अप्पा उखळाशी होते. मुसळ टाकून येईपर्यंत ती चुलीपाशी आडवी झाली होती. परातीत उंडा तसाच.

त्यांच्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला बसवतात. काशम्माला भिंतीशी बसवलं. नवं लुगडं, कपाळभर विभूती, हातात इष्टलिंग, गळ्यात झेंडूचे हार. समाधीला नेण्याआधी सगळ्या घरानं भोवती बसून फोटो काढायची रीत. कुणीतरी मला खुंटीवरून काढून अप्पांपुढं धरलं. त्यांनी मान हलवली. "त्यात चिप न्हाय," म्हणाले. गुरुजवळ तांबडा होता. त्यानं काढला.

भिंतीवर आहे तो हाच फोटो. रंग चांगले आलेत. झेंडू झेंडूसारखा दिसतो. तांबड्याच्या कामाला नाव ठेवायला जागा नाही. कोपऱ्यात खरी तारीखही आहे.

पण अप्पा त्या फोटोकडं सरळ बघत नाहीत. हार बदलायचा तर मान खाली घालून बदलतात. एकदा दानेश्वरी म्हणाली, "अप्पा, अव्वाचा दुसरा कुठला फोटो लावू या का?" शोधाशोध झाली. बारशाच्या फोटोंत काशम्मा सगळीकडं पाठमोरी. फोटोवाल्यानं केलेल्या लग्नाच्या अल्बमात ती दोनदा होती. एकात डोळे मिटलेले, एकात पदरानं अर्धं तोंड झाकलेलं. रेशनकार्डावरच्या फोटोत ती कुणावर तरी खवळल्यासारखी दिसत होती.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "तिला बघू वाटतंय, पण अशी न्हाय. इकडं बघताना पायजे. माझ्याकडं बघताना."

मी तेव्हा लोखंडी पेटीत होतो, चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला. मला ऐकू येत होतं.

पेटीत वर्षं गेली. माझ्यासारख्या पुष्कळांचा शेवट पेटीतच होतो. पोटात विसरलेले सेल फुटतात, त्यातून पांढरं हिरवं पाणी निघतं आणि आतून खाऊन टाकतं. मी वाचलो, कारण माझं पोट रिकामं होतं. अप्पांच्या त्या काटकसरीनं मला वाचवलं.

यंदा उन्हाळ्यात पेटी उघडली ती दाक्षायणीनं. जिचं बारसं झालं होतं, ती ही नात. आता बारावीची परीक्षा देऊन पुण्याला शिकायला निघालीय. आजकाल म्हणे तिच्या वयाच्या पोरांना आमच्यासारखे जुने कॅमेरे परत आवडायला लागलेत. तिनं वैरागहून तांबड्याला आणलं होतं. त्याची मूळची बॅटरी फुगून कधीच मेली होती, पण हिनं कुठून तरी मागवून नवी घातली होती.

तिनं आम्हा दोघांना बाजेवर शेजारी शेजारी ठेवलं. इतक्या वर्षांनी पुन्हा.

"अज्जा, दोन्हीनं फोटो काढून बघते. जो भारी, तो पुण्याला नेणार. दुसरा भंगारात."

"भंगारात कशाला गं," अप्पा म्हणाले. आता ते सत्तरीच्या घरातले, गुडघ्यावर हात ठेवून उठणारे. दुकान बंद झालंय. "आसू दे की पडून."

"पडून पडून तर घर भरलंय तुमचं. सेल द्या आधी."

"रिमोटातलं काढ."

तिनं रिमोटातले घातले. मी डोळा बाहेर काढला आणि जोर न पुरल्यानं परत आत घेतला. "मेलाय हा," ती म्हणाली. अप्पा उठले, चप्पल घातली, कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले आणि कोरे सेल घेऊन आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला कुणी कोरे सेल घातले.

तांबडा हळूच म्हणाला, "ऐकतोस का? बारशाच्या दिवशी मी पुसलं तिला. आपल्याला नाही म्हणता येत नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो.

दाक्षायणीनं एकच चिप आळीपाळीनं दोघांत घालून अप्पांचे फोटो काढले. उंबऱ्यात बसवून, उजेडात, सावलीत. मी जीव लावून बघितलं. पण चिप आत असली की माझ्या पोटातलं झाकलं जातं. तिला ते दिसेना आणि मला सांगता येईना.

"तांबडाच भारी," ती म्हणाली. "हा राखाडी सगळं पांढरं फटक करतोय. आणि तारीख बघा अज्जा, एक जानेवारी दोन हजार आठ!"

"आमच्याकडं रोजच एक जानेवारी असायची," अप्पा हसले.

तिनं माझ्यातली चिप काढली. तांबड्यात घातली. मला भंगाराच्या पिशवीकडं नेता नेता सहज बटण दाबलं.

"अरे, ह्याच्यात एक फोटो आहे अजून." तिनं पडदा डोळ्यांजवळ नेला. "अज्जा, तुम्ही आहात. झोपलाय दारात. तोंड उघडं!" ती खिदळली. "पण खराब आलाय, अर्ध्या कोपऱ्यात बोट आहे कुणाचं तरी. पुसून टाकू?"

मी सगळा आखडलो. तिचा अंगठा बटणावर होता. बारशाच्या दिवशी गुरुचा होता, तसाच.

"थांब," अप्पा म्हणाले. "आण हिकडं."

त्यांनी चष्मा पुसला. मला दोन्ही हातांत घेतलं. स्वतःकडं बघत राहिले. काळ्या मिशा, बंडी, कानावर टोपी, मांडीत सूप, हातात अर्धी शेंग.

"ह्यो कुणी काढला?" ते म्हणाले.

"मला काय माहीत? आजी... नाही, त्यांना कुठं येत होतं."

"घरात आमी दोघंच," अप्पा म्हणाले. जणू स्वतःलाच समजावत होते. "शेंगा फोडतोय म्हंजी दिवाळीनंतरचं. दानू तिकडं. मी तर झोपल्याला. घरात आमी दोघंच."

मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं धुरकट, तांबूस काहीतरी होतं. माझ्या डोळ्याच्या अगदी जवळ आलेलं बोट. ना नख दिसत होतं, ना रेघ. माझ्यापुढं कुणाचंही बोट आलं तर असंच दिसतं.

"पुसू का अज्जा? रिकामा करून देऊ."

"नगं."

"पण बोट आलंय ना मधे."

"बोट न्हाय त्ये," अप्पा म्हणाले. "ती हाय."

बाहेर बसव्वाचा रेडिओ चालू होता, तो तेवढा ऐकू येत राहिला.

पोरगी मनानं चांगली आहे. थोड्या वेळानं तिनं आपल्या मोबाइलनं माझ्या पडद्याचा फोटो काढला. त्यात पट्टे पट्टे आले. मग बसून बोटं फिरवून तिनं तो नीट केला आणि अज्जाला दाखवला. "बघा, कोपरा कापून टाकला. आता मस्त दिसतोय. फ्रेम करून लावू."

अप्पांनी बघितला. "छान हाय," म्हणाले. मोबाइल तिच्या हातात परत दिला.

"मग राखाडी द्या माझ्याकडं. पुण्यात कुणाकडून तरी आतला फोटो काढून घेते."

"न्हाय," ते म्हणाले. त्यांनी मला बंडीच्या खिशात घातलं. "घरातनं बाहेर गेल्यालं कोरं होऊन येतंय."

"बरं बाबा. दिवाळीला वायर घेऊन येते. इथंच बसून काढू."

तांबडा पुण्याला गेला. जाताना तिच्या पिशवीतून त्याचा एक कोपरा तेवढा दिसत होता. तो भारी आहे हे खरंच आहे. माझी काही तक्रार नाही.

आता मी देवळीत असतो. रोज सकाळी अप्पा विभूती लावून झाली की मला उचलतात, बटण दाबतात आणि उंबऱ्यात जाऊन बसतात. परवा बसव्वा काठी टेकत आली. ती पण आता थकलीय.

"काय बघताय एवढं?" तिनं विचारलं.

"काशी."

तिनं पडद्यात डोळे घातले. "ह्ये तर तुमीच की. घोरताय."

"हितं बघ. कोपऱ्यात."

बसव्वानं पुष्कळ वेळ बघितलं. तिला काही दिसलं असेल असं वाटत नाही. पण जन्मभर काशम्माशी भांडलेली बाई ती. पदर डोळ्याला लावून म्हणाली, "व्हय की. हसतीया."

अप्पांनी अंगठ्यानं पडद्याचा तेवढा कोपरा पुसला, आणि मला परत देवळीत ठेवलं.

पण त्यांनी माझे सेल काढले नाहीत. आता ते कधीच काढत नाहीत. आयुष्यभर ज्या माणसानं सेल एका जागी टिकू दिले नाहीत, तो आता त्यांना हात लावायला भितो. सेल काढले तर ती जाईल, असं त्यांना वाटतं. टॉर्च रिकामी पडलीय, रेडिओ मुका आहे. मी तेवढा भरल्या पोटी बसलोय.

आणि मला माहीत आहे भरल्या पोटी काय होतं ते. सेल म्हातारे होतील, फुटतील, आणि त्यांचं पाणी एके दिवशी त्या दुपारपर्यंत पोचेल. दिवाळी अजून लांब आहे.

तुमच्यापैकी कुणी बाळीवेसेत आलात, तर एवढं करा. बोळात शिरा, उंबऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याजवळ टेका. ते भाकरीचा तुकडा आणि चटणी पुढं करतील, ती घ्या. मग सावकाश सांगा, अप्पा, सेल काढून ठेवत जा. ती कुठं जात नाही. आत आहे ते आतच राहतं. जाते ती फक्त तारीख.

आणि तारीख तर या घरात एकच होती.